डेन्व्हरजवळच्या टेकड्यांत माउंटन बायकिंग : चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांपूर्वी आम्ही कोलोरॅडोत लेकवूडला राहायला आलो. डेन्व्हरच्या पश्चिमेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या दिसतात आणि त्यांच्यावर कायम कोणी ना कोणी मुंगीसारखं सायकल घेऊन चढत असतं. भाकरी थापता थापता मी हे इतके दिवस नुसतं बघायची. आता प्रकरण घरात शिरलंय. मुलगा नववीत गेला आणि शाळेच्या माउंटन बाइक टीममध्ये नाव घालून आला. आता जेवताना गिअर, झोपताना टायर. त्याच्याशी बोलायचं तर मला ही भाषा शिकावी लागणार, नाहीतर पुढची चार वर्षं मी फक्त डबा भरणारी.

माझं सायकलचं शिक्षण सांगलीतलं. शाळेत लेडीज सायकल, कॉलेजात स्कूटी. सायकलला गिअर नव्हते आणि सांगलीला चढ नव्हता, त्यामुळे दोघींचं छान जमलं. त्यानंतर वीस वर्षं काहीच नाही.

मागच्या महिन्यात टीममधल्या एका मुलाच्या आईकडून सायकल उसनी आणली आणि आम्ही मायलेक नॉर्थ टेबल माउंटनला गेलो. ९३ नंबरच्या हायवेलगतच्या पार्किंगमधून जो रस्ता वर जातो, तो मी जवळजवळ सगळा सायकल ढकलत चढले. छातीचा भाता झाला. वर पठार लागलं, तिथं बरं वाटलं, वारा होता, खाली गोल्डन गाव दिसत होतं. परत येताना एक उतार आला. उतार म्हणजे काय, गुडघाभर उंचीची पायरीच म्हणा. मी घाबरून ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली, मी थांबले नाही. हँडलवरून पुढं. कोपर सोललं, मनगट आठवडाभर सुजलं होतं. मुलगा धावत आला आणि पहिलं वाक्य काय, तर ‘आई, कोणी बघितलं नाही.’

तर मला विचारायचंय ते असं. या टेकड्यांच्या पार्कांत माझ्यासारखीनं सुरुवात नक्की कुठून करावी? मी पडले ते वयामुळे, वजनामुळे की अकलेमुळे? आणि नवी सायकल घेतल्यानं फरक पडतो का? (नवऱ्याचं मत : पडत नाही. पण नवऱ्याचं मत मी विचारलेलं नाही.)

---

पिंपळगावकर

ताई, सरळ ई-बाइक घ्या. आमच्या मंडळींनी गेल्या वर्षी घेतली. चढावर ती माझ्या पुढं आणि मी मागं धापा टाकत. जेफरसन काउंटीच्या पार्कांत क्लास वन चालते, म्हणजे पॅडल मारलं तरच मोटर मदत करणारी, थ्रॉटल नसलेली. पण जड असते हां. पडली की उचलायला दोघं लागतात.

---

माणदेशी

ताई, तुमचं पडणं वाचलं आणि माझी उजवी कॉलरबोन ठणकली. आधी एक सांगा. पडलात तेव्हा डाव्या हातानं ब्रेक दाबला होता ना?

मी सोळा वर्षं गोल्डनमध्ये राहतो, मूळचा माण तालुक्यातला, वय ५७. हा प्रश्न मी इथल्या प्रत्येक नवशिक्या देशी माणसाला विचारतो आणि दहातले आठ जण आधी गप्प होतात, मग हाताकडं बघतात.

आपल्या स्कूटीला डावा ब्रेक मागच्या चाकाचा. मोटरसायकलला पुढचा ब्रेक उजव्या हातात. म्हणजे आपल्या हाडात काय मुरलंय, तर उजवा ब्रेक जपून, डावा बिनधास्त दाबायचा. अमेरिकेत सायकलला उलटं आहे. इथं डावा ब्रेक पुढच्या चाकाचा. तोही डिस्क, एका बोटानं चाक जाम करणारा. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, हात विचार करतो. तुमच्या हातानं सांगलीच्या हिशेबानं मागचा ब्रेक दाबला, तो निघाला पुढचा. पुढचं चाक थांबलं, उरलेल्या तुम्ही न्यूटनच्या हवाली. वय नाही, वजन नाही, अक्कल तर नाहीच. माझी कॉलरबोन २०११ साली अशीच गेली, मॅथ्यूज-विंटर्स पार्कमध्ये. तेही दगडधोंड्यात नाही, सपाटीला, समोर ससा आला म्हणून. ससा शाबूत.

उपाय दोन. पहिला, दुकानात सांगून ब्रेक अदलाबदल करून घ्यायचे. होतं ते. पण मग पोराची सायकल घेतली, भाड्याची घेतली, की परत घोटाळा. दुसरा, हाताला नव्यानं शिकवायचं. मी दुसरा केला. सायकलवर न बसता तिच्या शेजारून चालत तिला ढकला आणि डावा ब्रेक दाबा. मागचं चाक उचलतं ते डोळ्यांनी बघा. मग उजवा दाबा, मागचं चाक घसटत येईल. रोज संध्याकाळी दहा मिनिटं घरासमोर. पंधरा दिवसांत हात ऐकतो. उसन्या सायकलवर बसण्याआधी मात्र हे कायम तपासायचं, कारण कोणी तरी आधीच अदलाबदल केलेली असू शकते.

उतारावर मागं सरका, टाचा खाली, गुडघे सैल. बैलगाडीत उभं राहून कासरा धरणारा माणूस आठवा. तो कधी गुडघे ताठ ठेवतो का? ठेवला तर पहिल्या चाकोरीत खाली. तेच इथं. सीटवर बसून उतार उतरायचा नाही, सीट खाली करून पॅडलवर उभं राहायचं. बटण दाबलं की सीट खाली जाते अशी नळी मिळते, ड्रॉपर पोस्ट म्हणतात. नवी सायकल घेतलीत तर बाकी काही नसलं तरी चालेल, ही नळी हवी. तोवर उतार लागण्याआधी थांबून हातानं सीट खाली करा. लोक बघतात, बघू देत.

टायरमधली हवा कमी करा. सांगलीत आपण टायर दगडासारखं होईस्तोवर पंप मारायचो. इथं तसं केलं तर मुरमावरून सायकल चेंडूसारखी उडते. माझं वजन ७२ किलो, मी पुढं २२ आणि मागं २५ पीएसआय ठेवतो. ट्यूबलेस असेल तरच हां, ट्यूब असेल तर थोडी जास्त.

आता जागा. नॉर्थ टेबलवर तुम्हाला पहिल्या दिवशी नेलं हे पोराचं चुकलं. त्या पार्किंगपासूनचा चढ इथले मुरलेले लोकही शिव्या देत चढतात. छातीचा भाता झाला म्हणता, त्याचा हिशेब असा. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि गोल्डन ५,६७५. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४००. म्हणजे तुम्ही गोल्डनमध्ये गाडी उभी केली तेव्हाच कळसूबाईच्या माथ्याच्या वर होता आणि तिथून पुढं चढायला सुरुवात केली. तीन वर्षं राहून सवय झालीय असं वाटतं, ती सोफ्यावर बसण्याची झालेली असते.

पण जागा मोठी देखणी. वरचं पठार तुम्हाला ओळखीचं वाटलं का? मला पहिल्यांदा गेलो तेव्हा घशात आलं होतं. काळा कातळ, सपाट माथा, कडेला सरळसोट कडे. आपल्याकडचाच डोंगर कोणी उचलून आणलाय. तोही लाव्हाच आहे, सव्वासहा कोटी वर्षांच्या आसपासचा. सह्याद्रीचा साधारण साडेसहा कोटींचा. भूगर्भाच्या हिशेबात वरच्या आळीतले नि खालच्या आळीतले. फक्त इथं पाऊस नाही, म्हणून करवंदाऐवजी निवडुंग.

तर सुरुवात बेअर क्रीक लेक पार्कपासून करा. लेकवूड शहराचं आहे, गाडीचे पैसे घेतात, पण वाट मऊ, वळणं सोपी, झाडाची सावली आणि नदीचं पाणी. तिथं महिनाभर. मग ग्रीन माउंटन, तुमच्या खिडकीतून दिसतो तो बोडका डोंगर बहुतेक तोच. तिथं दगड कमी, चढ खूप, आणि झाड औषधालाही नाही, म्हणून सकाळी लवकर. तिथं फुप्फुसं तयार होतात. त्यानंतर मॅथ्यूज-विंटर्सची रेड रॉक्स ट्रेल, लाल खडकांच्या कडेकडेनं. हा खडक तीस कोटी वर्षांचा, संध्याकाळच्या उन्हात गेरूनं सारवल्यासारखा दिसतो. तिथंच वाटेला माउंट व्हर्नन नावाच्या उठलेल्या गावाच्या जुन्या कबरी आहेत. मी तिथं पाणी प्यायला थांबतो. समोर रस्त्यापलीकडं डाकोटा रिज दिसेल. दिसू दे. त्या कण्यावर तिरपे दगड दात विचकून बसलेत. पोरगा नेतो म्हणाला तरी वर्षभर जायचं नाही.

चिखलाचं सांगतो, कारण यावरून इथं माणसं दुरावतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की काही वाटांची माती आपल्या काळ्या रानासारखी होते. चाकाला चिकटते, फ्रेममध्ये भरते, शेवटी सायकल खांद्यावर. आणि चाकानं पडलेली चर वाळून तशीच राहते, महिनाभर सगळ्यांच्या घोट्यांना त्रास. चिखल असेल तर घरी बसायचं. मध्येच लागला तर कडेनं वळसा घालायचा नाही, मधूनच जायचं. कडेनं गेलं की वाट रुंद होत होत गाडीवाट होते. हे आपण बांधावरून शिकलेलोच आहोत. गोठलेली सकाळ मिळाली तर नऊच्या आत जाऊन या.

ही पार्कं फुकट नाहीत, तिकीट नसलं तरी. १९७२ साली या काउंटीच्या लोकांनी मतदान करून स्वतःवर अर्धा टक्का विक्रीकर लावून घेतला, मोकळ्या जागा विकत घ्यायला. टेबल माउंटन, मॅथ्यूज-विंटर्स ही त्याच योजनेतली. म्हणजे तुम्ही इथं कढई घेतली तरी तिच्यातला एक कपचा वाटेवरच्या दगडाचा. म्हणून मी वाटेवर कचरा दिसला की माझाच असल्यासारखा उचलतो. बायको म्हणते, घरातला उचला.

कोणाला वाट द्यायची? सायकलवाल्यानं सगळ्यांना. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला. आणि घोड्याला सगळ्यांनी. घोडा दिसला की थांबा, सायकलवरून उतरा, वाटेच्या खालच्या अंगाला उभं राहा आणि बोला. बोलणं महत्त्वाचं. गप्प उभा असलेला हेल्मेटवाला प्राणी घोड्याला वाघ वाटतो, आवाज आला की माणूस कळतो. मी ‘राम राम पाटील’ म्हणतो. आजवर एकही घोडा बुजला नाही, घोड्यावरच्या बायका बुजल्यात.

काही पार्कांत दिवसाचे नियम आहेत. सेंटेनियल कोनला शनिवार-रविवारी सम तारखेला सायकलवाले, विषम तारखेला पायी चालणारे. पुण्यातलं पी-वन, पी-टू पार्किंग आठवा, फक्त इथं पावती फाडायला चौकात कोणी उभं नसतं आणि तरी लोक पाळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग येतात. इथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात, आपण हसून घ्यायचं. पण वीज खरी असते आणि बोडक्या माथ्यावर तुमच्याहून उंच काही नसतं. बाराच्या आत खाली.

शेवटचं, सराटा. तोच, आपला. सपाटीवरच्या सायकलवाटांच्या आणि पार्किंगच्या कडेला पिवळी फुलं येणारा वेल दिसेल, इथं गोटहेड म्हणतात. लहानपणी अनवाणी फिरताना टाचेत जायचा तोच काटा इथं टायरमध्ये जातो. माणदेशातून सात समुद्र ओलांडून आलो आणि पहिल्या आठवड्यात पंक्चर काढताना हातात सराटा आला. मी तो दुकानदाराला दाखवून नाव सांगितलं. त्याला काही फरक पडला नाही. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरून ठेवा, काटा काढला की भोक खाली करून चाक फिरवा, बुजतं. ट्यूब असेल तर दोन जादाच्या जवळ ठेवा.

ई-बाइकबद्दल : पिंपळगावकर म्हणतात ते नियमाला धरून आहे, गुडघे गेले की मीही घेणार. पण ताईंचा घोटाळा चढाचा नाही, ब्रेकचा आहे. वीस किलोची सायकल अंगावर घेऊन डावा ब्रेक दाबण्यापेक्षा आधी हलकीवर हात सुधारू देत.

---

वऱ्हाडी ठेचा

माणदेशी काका, ससा शाबूत 😂

कृष्णाकाठची, एक साप राहिला. टेबल माउंटनवर रॅटलस्नेक असतात, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत उन्हाला वाटेवर येऊन पडतात. मला वाटायचं की खूप मोठा आवाज येत असेल. प्रत्यक्षात वाळलेल्या तुरीच्या शेंगा हलल्यासारखा येतो, आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या टकटकीत ऐकूच येत नाही. म्हणून दोन्ही कानांत गाणी नकोत. दिसला तर थांबायचं, दोन-चार पावलं मागं जायचं, आणि त्याला जायला वेळ द्यायचा. त्याला घाई नसते. मी एकदा वीस मिनिटं उभी होते आणि माझ्या मागं सहा सायकलवाले, कोणी एक शब्द बोललं नाही. दगड मारायचा नाही, काठी घालायची नाही, फोटोसाठी पुढं तर अजिबात नाही.

आणि बोल्डरकडं जाणार असाल तर तिथल्या बेटासो पार्कला बुधवारी आणि शनिवारी सायकल बंद असते. आम्ही अर्थातच शनिवारी गेलो होतो, सायकली गाडीवर लादून, पोहे खाऊन.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांना धन्यवाद. काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी भरल्या घरात मोठ्यानं ‘डावा!’ म्हणून ओरडले. डावाच होता. मनगट सुजलं होतं तेही त्याच हाताचं.

पंधरा दिवस संध्याकाळी घरासमोर ढकलण्याचा कार्यक्रम केला. शेजारच्या आजींनी दोनदा येऊन विचारलं, सायकल बिघडली आहे का. तिसऱ्या दिवशी त्यांनी पंप आणून दिला. डाव्या ब्रेकला मी लाल नेलपॉलिश लावलंय. उसन्या सायकलला लावलं म्हणून मुलगा चिडला, मालकिणीला मात्र इतकं आवडलं की तिनं स्वतःच्या नव्या सायकललाही लावून घेतलं.

काल बेअर क्रीकला गेलो. दोन तास. एका ठिकाणी वाट अचानक खाली गेली आणि हात आपोआप डावीकडं गेला, पण बोट अर्ध्यावर थांबलं. थांबलं म्हणजे काय, ते लाल दिसलं. उजव्यानं धरलं, मागचं चाक जरा घसटलं, मी वरच. मुलगा पुढं निघून गेला होता, त्यानं बघितलंच नाही. नको तेव्हा बघतात.

घोडे भेटले, दोन. मला ‘राम राम पाटील’ सुचेना, मी ‘हॅलो, हाऊ आर यू’ म्हटलं आणि घोड्यावरच्या बाई म्हणाल्या ‘गुड’. घोडा काही बोलला नाही.

पार्किंगला आलो तर मुलाचं मागचं चाक बसलेलं. त्यानं काटा काढून हातावर घेतला आणि म्हणाला, हे काय. मी म्हटलं, सराटा. त्याला तो शब्द तीनदा म्हणायला लावला. मग मी आजोळच्या रानातली गोष्ट सांगायला लागले, पायात चार-चार जायचे वगैरे, तर चक्क पंक्चर निघेपर्यंत ऐकलं त्यानं. कपच्याचं काय ते नवऱ्याला सांगितलं, तो आता दुकानात पावतीवरचा कर मोजतोय.

आता विचारायचं ते : पुढच्या शनिवारी सम तारीख आहे. मुलगा सेंटेनियल कोनला चल म्हणतोय. जाऊ का?

---

माणदेशी

नको. तो फेरा बारा मैलांच्या आसपास आहे आणि अर्ध्यातून परत फिरायलाही तेवढंच लागतं. ग्रीन माउंटनला या, सकाळी सात. मी आणि बायको येतो, चहाचा थर्मास आमचा, खायचं तुम्ही आणा. पोराला म्हणावं तुझं तू पुढं जा, वर भेटू. आणि नेलपॉलिशची बाटली आणा, बायकोच्या सायकललाही लावायचंय.